साठीनंतर दोघांनी सेवेला परदेशी जाताना: केनियाला निघणाऱ्या मराठी दांपत्यासाठी

निवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षं परदेशातल्या एखाद्या मंडळीत (चर्चमध्ये), मिशन हॉस्पिटलात किंवा शाळेत सेवा करावी, असं पाचारण अनेक दांपत्यांच्या मनात असतं. नर्स, शिक्षक, हिशेबनीस, लॅब तंत्रज्ञ, वायरमन, पाळक, सगळ्यांची तिथे गरज असते. इच्छा आणि प्रार्थना दोन्ही असूनही काही जोडपी सहा महिन्यांत परत येतात. त्यामागे बहुतेक वेळा घरची अर्धवट सोडलेली कामं असतात, नाहीतर दोघांपैकी एकाच्या हाताला काम नसतं. म्हणून हा लेख विमानतळाच्या बराच आधी सुरू होतो.

उदाहरण म्हणून केनिया घेतलाय. इंग्रजीवर निभावतं, मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात, गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, आणि किजाबे, टेनवेक, चोगोरिया अशी जुनी मिशन हॉस्पिटलं तिथे आहेत. दुसऱ्या देशात जाणार असाल तर परवाना आणि लस यांचे नियम बदलतील, बाकीचं फारसं नाही.

आधी लेखी बोलावणं, तेही दोघांच्या नावाने

तिथल्या मंडळीने किंवा संस्थेने लेखी बोलावल्याशिवाय निघू नका. ओळखीच्या पाळकांचा प्रेमाचा फोन म्हणजे बोलावणं नव्हे. पत्रात या गोष्टी हव्यात: किती महिने, कोणत्या गावात, राहायची जागा कोण देणार, वीज-पाणी-गॅसचा खर्च कोणाचा, आजारपणात निर्णय कोण घेणार, आणि दोघांपैकी प्रत्येकाचं काम काय.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. डॉक्टर नवरा सकाळी सातला वॉर्डात जातो आणि बायको अनोळखी डोंगरावरच्या घरात संध्याकाळपर्यंत एकटी बसते, असं घडलं की तिसऱ्या महिन्यात दोघंही खचतात. बायको नर्स आणि नवरा बँकेतून निवृत्त असेल, तर हेच उलट्या बाजूने होतं. म्हणून दोघांच्या कामाचे आठवड्याचे तास लिहून मागा. साठीनंतर पंचवीस ते तीस तास पुरेत. हॉस्पिटलची भांडारनोंद, वसतिगृहातल्या मुलींचा अभ्यास, शिवणवर्ग, ग्रंथालय, रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलणं, काहीही चालेल. फक्त त्या कामाची वाट पाहणारं माणूस तिथे असलं पाहिजे.

केनियात बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत. तिथल्या मंडळ्या मोठ्या आहेत, त्यांचे पाळक शिकलेले आहेत. तुम्ही मदतीचे हात म्हणून जाता, पुढारी म्हणून नव्हे. निघण्यापूर्वी हे दोघांत नीट बोलून घ्या.

परवाना

जानेवारी २०२४ पासून केनियाने पर्यटक व्हिसा बंद करून ईटीए ही ऑनलाइन प्रवास-परवानगी आणली. ती भेटीपुरती असते. तिच्यावर जाऊन सेवा करणं बेकायदा ठरतं, मग पगार घेत नसलात तरी. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी ‘आय’ वर्गाचा परवाना लागतो आणि तो यजमान संस्था तिथे ऑनलाइन मागते. साधारणपणे पासपोर्टच्या प्रती, फोटो, शैक्षणिक प्रमाणपत्रं, कामाच्या अनुभवाचा तपशील, संस्थेच्या नोंदणीचे कागद आणि पोलिसांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. हे शेवटचं आपल्याकडे पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळतं. ते फार आधी काढू नका, वापरायच्या आत त्याची मुदत संपते.

दोघांचे स्वतंत्र परवाने की एकाचा परवाना आणि दुसऱ्याला अवलंबिताचा पास, हे संस्थेला स्पष्ट विचारा. अवलंबित म्हणून राहणाऱ्याने काम करण्यावर बंधनं असतात, त्यामुळे दोघं सेवा करणार असाल तर अर्ज करतानाच तसं सांगायला हवं. परवाना हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. पोहोचल्यावर नव्वद दिवसांहून जास्त राहणाऱ्याला परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घ्यावं लागतं. ते दोघांचंही करा.

नावाची गंमत इथे नडते. पासपोर्टवर पती-पत्नीची आडनावं वेगळी असतील, किंवा विवाहाच्या दाखल्यावर माहेरचं नाव असेल, तर नावबदलाचं राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र आधीच सोबत ठेवा. मंडळीतल्या विवाह-नोंदीचा उतारा पुरेल असं धरून चालू नका, नोंदणी कार्यालयाचं प्रमाणपत्र काढा.

शरीर

निघण्याच्या चार महिने आधी तपासण्या सुरू करा. ईसीजी आणि गरज असल्यास ताण-चाचणी, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, डोळे, दात. मोतीबिंदू पिकत आला असेल तर ऑपरेशन इथेच करून घ्या आणि डोळा पूर्ण बरा झाल्यावरच निघा. हलणारा दात इथेच काढा. किजाबे समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा बरंच उंच. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर ही उंची आपल्या डॉक्टरांना आकड्यासकट सांगा.

पिवळ्या तापाच्या लशीबद्दल नीट समजून घ्या, कारण इथे वय आडवं येतं. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. थायमस ग्रंथीचा आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर ती देत नाहीत. दुसरीकडे, केनियाहून भारतात परतणाऱ्याकडे या लशीचं प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. म्हणून आपली फाईल घेऊन आधी डॉक्टरांशी बोला, मग सरकारमान्य लसीकरण केंद्रावर जा. खाजगी दवाखान्यातल्या साध्या कागदाला अर्थ नाही. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. डॉक्टरांनी लस नको म्हटलं तर सूट-पत्र मिळतं, पण ते असूनही परतताना विलगीकरणाचा प्रसंग येऊ शकतो. ते दिवस धरूनच परतीचा बेत आखा.

हिवतापाचं गणित उंचीवर आहे. नैरोबी आणि किजाबेच्या थंड डोंगराळ भागात धोका कमी, किसुमूच्या सरोवराकाठी आणि मोंबासाच्या किनाऱ्यावर जास्त. आपल्याकडे ‘मलेरिया झाला, चार दिवसांत उतरला’ ही सवय असते, कारण भारतात व्हायवॅक्स जातीचा हिवताप बराच आढळतो. तिथला बहुतेक हिवताप फाल्सिपेरम जातीचा असतो आणि तो एक-दोन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. पॅरासिटामॉल घेऊन वाट पाहायची नाही. प्रतिबंधक गोळी कोणती, हे डॉक्टर तुमच्या इतर औषधांकडे पाहून ठरवतील. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यावी लागते आणि धोक्याच्या भागातून आल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते. तिथेच बहुतेक जण चुकतात, घरी आलो म्हणून गोळी सोडतात.

आपल्याकडे आलेल्या मिशनऱ्यांचा इतिहासही हेच सांगतो. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८२६ मध्ये प्रवासात असताना पटकीने गेले. त्यांच्या हाताशी ना लस होती ना सलाईन. आपल्या हाताशी आहे, तर ती वापरणं हा सेवेचाच भाग समजा.

नेहमीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या न्या, मूळ स्ट्रिपमध्ये, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं नाव हवं: टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ॲटोर्वास्टॅटिन असं. तिथल्या दुकानात भारतात बनलेली औषधं भरपूर असतात, फक्त नावं वेगळी. अर्ध्या गोळ्या एकाच्या हातसामानात, अर्ध्या दुसऱ्याच्या. इन्सुलिन कधीही विमानाच्या पोटातल्या बॅगेत टाकू नका, तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल नेऊ नका. चष्मा दोन जोड्या, श्रवणयंत्र असल्यास वर्षाच्या बॅटऱ्या.

विमा दोन पातळ्यांवर लागतो. इथली मेडिक्लेम पॉलिसी बहुतेक वेळा परदेशात चालत नाही, तरी ती बंद पडू देऊ नका. एकदा खंड पडला की जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होतो, आणि परत आल्यावर त्याच पॉलिसीची गरज लागते. तिथल्या उपचारांसाठी वेगळा विमा घ्या आणि त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का, हे वाचून पाहा. पर्यटकांचा विमा वर्षभराच्या मुक्कामाला पुरत नाही. डोंगरातल्या गावी जाणार असाल तर ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं वार्षिक सभासदत्व घ्या. १९५७ पासून ते नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून रुग्णांना विमानाने आणायचं काम करतात.

घर, पेन्शन, बँक

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

मुखत्यारपत्र निघण्यापूर्वी इथेच, नोंदणी करून द्या: बँक, सोसायटी, कर, भाडेकरार, अशी कामं नेमकी लिहून. ‘सर्व अधिकार’ असं मोघम नको. परदेशातून करायची वेळ आली तर नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयात साक्षांकन करून घ्यावं लागतं, आणि कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ही मुदत हुकली की कागद अडतो.

घर भाड्याने द्यायचं असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेलाच हवा आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना दिलेली हवी. बंद ठेवणार असाल तर पाण्याचा मुख्य कॉक बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला, आणि महिन्यातून एकदा कुणीतरी दार उघडून नळ सोडेल अशी सोय. बंद घरात मोऱ्यांच्या जाळीतलं पाणी आटतं आणि तिथून झुरळं वर येतात. महावितरणचं बिल आणि मालमत्ता कर बँकेतून आपोआप जाईल असं करा.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. राज्य सरकारच्या निवृत्तांना बँकेत ठेवलेल्या यादीवर सही करायची सवय असते, ती परदेशातून जमणार नाही. उच्चायुक्तालयातून हयातीचा दाखला मिळतो, तो इथल्या कोषागाराला किंवा बँकेला पाठवावा लागतो. ईपीएस (पीएफ कार्यालयाची) पेन्शन असेल तर दाखला दिल्यापासून बारा महिने चालतो, म्हणून निघण्याच्या अगदी आधी देऊन जा. मनीऑर्डरसारखं दर महिन्याला येणारं पेन्शन जानेवारीत थांबलं की दूर बसून काही सुचत नाही.

दीर्घ मुदतीसाठी जाणाऱ्याला परकीय चलन कायद्याप्रमाणे आपलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागू शकतं. प्राप्तिकराचा निवासी-अनिवासी हिशेब वेगळा असतो. आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात असाल तर निवासी. त्यापेक्षा कमी राहिलात म्हणून आपोआप अनिवासी झालात असं नाही, मागच्या चार वर्षांतले दिवसही मोजले जातात. हे महत्त्वाचं यासाठी की ठेवींवर कर कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिक बँकेत भरतात तो फॉर्म फक्त निवासींचा आहे, आणि एनआरओ ठेवींच्या व्याजावर तीस टक्के दराने कर कापला जातो. महिन्याचा खर्च व्याजावर चालवणार असाल तर ही वजाबाकी आधीच करा. सनदी लेखापालाकडे एक तास बसा, पासपोर्ट सोबत घेऊन.

आणि मोबाइल. पेन्शनखात्याला जोडलेला नंबर चालू ठेवा, रोमिंग सुरू करून घ्या, आणि निघण्यापूर्वीच कंपनीकडून रोमिंगवर ओटीपी येईल याची खात्री करा. रिचार्ज संपून नंबर बंद पडला की तो दुसऱ्या कुणाला मिळतो, आणि तुमच्या बँकेचं दार परदेशातून उघडता येत नाही. रिचार्जच्या तारखा मुलाच्या किंवा भाचीच्या मोबाइलवर टाकून जा.

मृत्युपत्र करून ठेवा. परदेशात दोघांपैकी एकाचं काही झालं तर तिथेच दफन करायचं की शरीर घरी आणायचं, हे दोघांनी बोलून लिहून ठेवा आणि मुलांना सांगा. कठीण बोलणं आहे, पण दोन माणसांना अचानक दूरच्या देशात रात्री दोन वाजता ते ठरवायला लावणं त्याहून कठीण. दोघांच्या अचानक परतीच्या तिकिटांचे पैसे वेगळ्या ठेवीत ठेवा आणि त्यांना दुसऱ्या कशासाठीही हात लावू नका.

सामान

आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून लोक सुती कपडेच भरतात. नैरोबीत जून ते ऑगस्ट थंडी असते, किजाबेला तर रात्री आणखी गारठा, आणि घरांत उब देणारं काही नसतं. दोघांना एकेक जाड स्वेटर, शाल, लोकरीचे मोजे आणि कानटोपी न्याच. पावसाळे दोन: मोठा मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. चिखलात घसरणार नाहीत असे तळवे असलेले बूट घ्या. या वयात घसरून मोडलेलं खुब्याचं हाड सगळी सेवा संपवतं.

प्लास्टिकच्या पिशव्या केनियाने ऑगस्ट २०१७ पासून बंद केल्यात. बॅग भरताना चपला, मसाले, चिवडा, काहीही प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये गुंडाळू नका. कापडी पिशव्या आणि डबे वापरा.

स्वयंपाकासाठी तीन लिटरचा कुकर, दोन जादा रिंगा, एक सेफ्टी व्हॉल्व्ह, पोळपाट-लाटणं, गोडा मसाला पाव किलो. बाकी काही वाहून नेऊ नका. विजेचा पुरवठा २४० व्होल्ट, म्हणजे आपली उपकरणं चालतात, पण प्लगला तीन चपट्या पिना असतात. चार ॲडॅप्टर पुरतात. एक चांगली टॉर्च आणि पॉवर बँक, दिवे जातात.

पहिले तीन महिने: पाणी, चूल, भाषा

पाणी उकळूनच प्या. दोन हजार मीटरच्या वर पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून बुडबुडे आल्यावर तीन मिनिटं ठेवा. डाळीलाही दोन शिट्ट्या जास्त लागतात. नाकुरू-नैवाशाकडे असाल तर आणखी एक गोष्ट: रिफ्ट दरीतल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की आणखी दाट होतं. तिथे पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं पाणी पिण्यासाठी बरं. संस्थेला विचारा, पिण्याचं पाणी कुठून येतं.

गॅसच्या टाक्या ६ आणि १३ किलोच्या मिळतात. दोघांना १३ किलोची एक आणि ६ किलोची राखीव घ्या.

खाण्याची हळहळ नको. विंबी म्हणजे आपली नाचणी, तिची ऊजी म्हणजे जवळपास आंबीलच. म्तामा म्हणजे ज्वारी, न्देंगू म्हणजे मूग, म्बाझी म्हणजे तूर, कुंदे म्हणजे चवळी. माचाकोस-माकुएनीकडे तूर आणि मूग पिकतात. मक्याच्या पिठाची उगाली पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नाही. सुकुमा विकी या पालेभाजीबरोबर, हाताने गोळा करून, बोटाने खळगा पाडून खाल्ली की उतरते. नैरोबीच्या पार्कलँड्समधल्या डायमंड प्लाझात भारतीय किराणा मिळतो.

स्वाहिली शिकायला रोज अर्धा तास द्या, निघण्याच्या सहा महिने आधीपासून. मराठी माणसाला काही शब्द ओळखीचे भेटतील: दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, गुनिया म्हणजे गोणी, लाकी म्हणजे लाख, बिमा म्हणजे विमा. अडतं ते अनेकवचनाला. आपण शब्दाचा शेवट बदलतो, मुलगा-मुलगे. तिथे सुरुवात बदलते, म्टोटो-वाटोटो. म्हणून शब्द पाठ करताना जोडीनेच करा. वेळ सांगण्याची पद्धतही वेगळी, दिवस उगवतो तिथून मोजतात. सकाळच्या सातला ‘सा मोजा’, म्हणजे पहिला तास. ‘सा तातू’ म्हणजे तीन वाजता समजून बसाल आणि बैठक सकाळी नऊलाच होऊन जाईल. वेळ ठरवताना दोन्ही प्रकारांनी म्हणून घ्या.

गावात लोक तुम्हाला मुहिंदी म्हणतील. केनियातल्या भारतीयांची ओळख रेल्वे बांधणाऱ्या मजुरांपासून सुरू झाली आणि दुकानदारांवर येऊन थांबली. भारतीय माणूस पगारावर नव्हे, सेवेला आलाय, यावर पहिले काही आठवडे विश्वास बसत नाही. समजावत बसू नका. उपासनेला मागच्या बाकावर बसा, ‘ब्वाना असिफिवे’ला (प्रभूची स्तुती असो) ‘आमिना’ म्हणा, सगळ्यांशी हात मिळवा. उपासना दोन-तीन तास चालते, पाण्याची बाटली जवळ ठेवा.

पैसे मागणारे

फीसाठी, औषधासाठी, हरांबेसाठी लोक मागतील. हरांबे म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्गणी काढणं, ती तिथली चांगली रीत आहे, तिच्यात थोडं द्यावंच. पण एकेकट्याला हातात पैसे देणं सुरू केलं की महिन्याभरात दारासमोर रांग लागते, आणि ज्यांना नाही मिळालं त्यांच्याशी नातं तुटतं. दोघांनी महिन्याची एक रक्कम ठरवा, ती मंडळीच्या सेवा-निधीत द्या, आणि मागणाऱ्याला तिथे पाठवा. महत्त्वाचं म्हणजे दोघांचं उत्तर एकच असलं पाहिजे. एकाने नाही म्हटलेलं दुसऱ्याने मागच्या दाराने देऊ नये.

रोजचे व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्याच्या सेवेवर, चालतात. २००७ पासून ते सुरू आहे आणि भाजीवालीसुद्धा त्यावरच घेते. नोंदणीला पासपोर्ट लागतो. पिन कुणालाही, एजंटलाही सांगू नका. ‘चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत पाठवा’ असा फोन आला तर आधी शिल्लक पाहा, मेसेज खोटा असतो.

बोडा-बोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल. तिच्यावर बसू नका. अंधारात रस्त्यावर प्रवास नको.

दोघांमधलं

चाळीस वर्षांच्या संसारात कधी चोवीस तास एकत्र राहिला नव्हतात, ते आता राहाल. आठवड्यातला एक दिवस कामाचा नाही, हे संस्थेला पहिल्याच आठवड्यात सांगा. दोघांनी वेगवेगळ्या माणसांशी मैत्री करा. घरी फोन करायची वेळ पक्की ठेवा: केनिया भारताच्या अडीच तास मागे आहे, तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे नातवंडांचे साडेसात. एकाला सतत झोप येत नसेल, भूक मेली असेल, प्रार्थनेतही मन लागत नसेल, तर ते श्रद्धेचं अपयश मानू नका. डॉक्टरांना सांगा आणि गरज पडली तर लवकर परत या.

परतीच्या दोन महिने आधी आपलं काम एका स्थानिक माणसाला शिकवायला घ्या आणि शेवटचे दोन आठवडे फक्त त्याच्या शेजारी बसा. भांडी-कुकर कुणाला द्यायचं ते मंडळीला ठरवू द्या. भारतात आल्यावर पुढचं वर्षभर कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: आम्ही आफ्रिकेत राहून आलोय, मलेरिया तपासा.